भावाच्या कर्जाला जामीन राहावे का?

नागपूरच्या जरीपटक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ४७, बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी, पत्नी धंतोलीतील रुग्णालयात परिचारिका, मुलगी बारावीत, आणि मधुमेह असलेली ७४ वर्षांची आई त्यांच्याकडेच राहते. धाकट्या भावाचा केटरिंगचा व्यवसाय बुडाला असून बँकेचे ९ लाख आणि सावकाराचे ५ लाख अंगावर आहेत. बँक मुदत वाढवून द्यायला तयार आहे, पण जामीनदार मागते. गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव रक्कम, घेऊन सावकाराला फेडावे, बँकेला जामीन राहावे आणि कमी पडल्यास पीएफ काढावा, असे त्यांनी मनाशी ठरवले आहे. ख्रिस्ताने आपल्यासाठी प्राण दिला, मग भावासाठी मी हिशेब करीत बसावे का, असे ते विचारतात. पत्नीला अजून काही सांगितलेले नाही, हेही पत्राच्या शेवटी आहे.

भावाला मदत करू नका, असे मी म्हणणार नाही. तुमच्या जागी असतो तर मलाही रात्री झोप लागली नसती. पण हिशेब करणे हा अविश्वास नव्हे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे बायबलमधील लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूच सांगतो, आणि तेही शिष्य होण्याची किंमत समजावताना.

जामीनपत्रावर मात्र सही करू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळे लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे भावाकडून वसुली होते की नाही याची वाट न पाहता बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. भावाचा हप्ता थकला तर तुमचा सिबिल स्कोअरही, म्हणजे बँका पाहतात तो पतगुणांकही, खाली येऊ शकतो, आणि मुलीच्या शैक्षणिक कर्जाला तुम्ही सहकर्जदार व्हाल तेव्हा ते आडवे येईल. दुसऱ्याच्या ऋणाला जामीन राहू नका, फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूणही जाईल, हा इशारा बायबलमधील नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात आहेच.

आता तुमचे आकडे. दोघांचे मिळून घरात ९२,००० रुपये येतात. गृहकर्जाचा हप्ता २१,०००, घरखर्च ३२,०००, आईची औषधे आणि मदतनीस बाई १५,०००, मुलीचे क्लास ८,०००, मंडळीचा (चर्चचा) दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, ९,२००; उरतात ६,८००. पाच लाखांचा टॉप-अप नऊ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतला तर हप्ता सुमारे ६,३३० रुपये पडेल. म्हणजे आई एकदा दवाखान्यात भरती झाली की हप्ता चुकलाच. पीएफमधील ११ लाख सध्याच्या ८.२५ टक्के दराने, नवी भर न धरताही, ५८ व्या वर्षापर्यंत २६ लाखांच्या आसपास जातील. ते मोडले तर म्हातारपणी तुमचा भार मुलीवर येईल.

शिवाय घर आणि पगार दोघांचा आहे. पत्नीला न विचारता त्यातून केलेला त्याग तुमचा एकट्याचा राहत नाही. तिच्या वाट्याचेही तुम्ही देऊन टाकता. वधस्तंभावरच्या यातनांतही येशूने आईला प्रिय शिष्याच्या हवाली केले, हे योहानाने मुद्दाम नोंदवले आहे. सर्वस्व देणाऱ्यानेही आईची सोय करूनच प्राण सोडला. तुमच्या घरात आज ती सोय तुम्ही आणि तुमची पत्नी आहात.

मग काय द्यावे? तुमच्या मुदत ठेवीत ४ लाख आहेत. पत्नीची संमती असेल तर त्यातले दीड लाख भावाला कायमचे द्या, उसने नव्हे, आणि भावाच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा. भावाभावांतील अशा भेटीवर प्राप्तिकर लागत नाही. उरलेले अडीच लाख आईसाठी आणि अडचणीसाठी राहू द्या. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता मिळणारे आयुष्मान कार्ड आईच्या नावे काढून घ्या. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत होतात आणि मधुमेहासारख्या जुन्या आजारासाठी थांबावे लागत नाही.

सावकाराकडे परवाना आहे का, हे आधी पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही शासनाने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते. बँकेशी बोलणी भावानेच करावीत, केटरिंगची भांडी आणि गाडी विकून किती येतील ते सांगावे आणि जामिनाशिवाय मुदतवाढ किंवा एकरकमी परतफेडीची सवलत मागावी. तुम्ही सोबत बसा, पण सही त्याचीच असू द्या. त्याच्या मुलांची शाळेची फी दरमहा दोन-तीन हजारांपर्यंत परस्पर शाळेत भरणे तुम्हाला झेपेल, आणि त्या घराला आज त्याचीच जास्त गरज आहे.

बँकेत जाण्याआधी या आठवड्यात पत्नीसमोर हे सगळे कागद मांडा. ती दीड लाखाऐवजी एकच लाख म्हणाली, तर एक लाख द्या.