'अल्पशा आजाराने निधन'

टोरांटोच्या ताई,

पत्रासोबत तुम्ही पाठवलेलं कात्रण दोनदा वाचलं. 'अल्पशा आजाराने निधन. पश्चात आई, वडील, विवाहित बहीण असा परिवार. रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी.' तुमचा धाकटा भाऊ आत्महत्येने गेला, हे बेळगावजवळच्या खानापुरात फक्त घरच्यांनाच ठाऊक आहे. आणि आई फोनवर सांगते, "कुणाला बोलू नको गे."

आईवर रागावू नका. त्या गल्लीत तिला रोज उठून वावरायचं आहे. लोकांना काय सांगायचं ते आईबाबांना ठरवू द्या. पण तुम्ही आणि आईबाबांनी आपसांत खरा शब्द एकदा तरी उच्चारा. आमच्या शहापूरच्या घरात काकांच्या मरणाला वर्षानुवर्षं 'ताप' म्हटलं गेलं. शेवटी आजीने त्यांचं नाव घेणंच सोडलं. नाव घेतलं की कुणीतरी विचारणार, या धास्तीने. काका दोनदा गेले असं मला आजही वाटतं.

त्या रात्री पावणेतीनला आलेला त्याचा मिस्ड कॉल तुम्ही अजून पुसलेला नाही. ताई, तुमच्याकडे मध्यरात्र होती, तिकडे दुपार. तुम्ही झोपला होता, त्याला टाळलं नव्हतं. आत्महत्येमागे एकच कारण, एकच फोन, एकच भांडण नसतं. मनाचा आजार, कर्ज, एकटेपणा, न बोललेलं बरंच काही एकत्र साचलेलं असतं. त्याचा राग येतो म्हणून लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. येऊ द्या. ज्याच्यावर जीव होता त्याचाच राग येतो.

सहा वर्षांच्या लेकीला 'मामा झोपला' असं सांगू नका, ती झोपायला घाबरेल. 'मामाचं मन खूप आजारी होतं, त्यात त्याने स्वतःचा जीव घेतला. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळेही नाही,' एवढं पुरे. पुन्हा विचारेल, पुन्हा सांगा.

कागदांचंही बघावं लागेल. पोलिसांची कागदपत्रं कन्नडमध्ये आहेत आणि बाबांना कन्नड वाचता येत नाही. विश्वासातल्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको. विम्याचा दावा जाईल या भीतीने कारण लपवू नका. भारतातल्या आयुर्विम्यात साधारणपणे पहिल्या 12 महिन्यांपुरतीच आत्महत्येची अट असते. पॉलिसी काढून बघा.

चुलत्यांनी 'पाप केलं' म्हटलं, ते तुमच्या फार जिव्हारी लागलंय. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेसुद्धा आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायला सांगितलं आहे. कायद्याला कळलं ते घरातल्यांना कळायला वेळ लागेल, पण चुलत्यांना हे तोंडावर सांगायचा हक्क तुम्हाला आहे.

आता माझी खरी काळजी. 'मलाही त्याच्यामागे जावंसं वाटतं,' असं एक वाक्य तुम्ही लिहून खोडलंय, तरी ते वाचता येतंय. ताई, हे आज नवऱ्याला सांगा आणि 988 या आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदतक्रमांकाला फोन करा. कॅनडात तो दिवसरात्र चालतो. आईबाबांना टेलि-मानस या भारत सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून द्या. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि रविवारी आईशी बोलताना, दर दिवाळीला तो तुम्हाला धाडायचा त्या कुंद्याच्या, बेळगावच्या त्या गोड मिठाईच्या, डब्याची आठवण तुम्हीच काढा. ती रडेल. फोन ठेवू नका.