ओबामांच्या पत्राने काळ्या मुलांना शाळेत शिक्षा करायला खरंच बंदी आली होती का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: २०१४ च्या पत्राने काळ्या मुलांना शिक्षा करायला बंदी होती का, ट्रम्प यांनी ती उठवली का, आणि आपल्या देशी मुलांना त्याने काय फरक पडतो.

बंदी नव्हती. मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला हे कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, आणि सांगणाऱ्याने पत्र उघडलेलंही नसतं.

८ जानेवारी २०१४ ला अमेरिकेच्या शिक्षण आणि न्याय खात्यांनी मिळून शाळांसाठी ते काढलं. पहिला भाग जुनाच: एकाच चुकीला दोन वंशांच्या मुलांना दोन वेगळ्या शिक्षा नकोत. १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्यात ते आहेच. भांडण आहे दुसऱ्या भागावर. नियम सगळ्यांना सारखा, पण फटका एका वंशाच्या मुलांना जास्त, असं दिसलं तर पुढे विचारायचं की शाळेच्या महत्त्वाच्या उद्देशासाठी तो नियम लागतोच का, आणि तेच काम कमी नुकसानीत झालं असतं का.

"नियम सगळ्यांना सारखा, मग भेदभाव कुठला?" म्हणणाऱ्यांनी पत्रातलंच एक काल्पनिक उदाहरण वाचावं. पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की थेट ऑफिसात, तास संपेपर्यंत तिथेच बसायचं. सत्रात पाचदा उशीर झाला की एक दिवस सस्पेन्शन, म्हणजे शाळेत यायला बंदी. कारण कुणी ऐकून घेत नाही. तास बुडतात ते मुख्यतः एशियन-अमेरिकन मुलांचे. का? गोरी आणि हिस्पॅनिक मुलं शाळेपासून चालत येण्याच्या अंतरावर राहतात. एशियन वस्ती हायवेच्या पलीकडे, चालत यायला वाटच नाही. मुलं सकाळची पहिली सार्वजनिक बस पकडतात, तरी ती बस पुष्कळदा शाळा भरल्यावरच पोचते. यात पोरांचा उद्धटपणा कुठे आला? फक्त काळ्यांसाठी काढलं म्हणतात त्या पत्रातलं हे उदाहरण आहे.

आकडेही बघा. सरकारच्याच लेखा-तपासणी संस्थेने मार्च २०१८ मध्ये २०१३-१४ ची आकडेवारी मांडली: सरकारी शाळांत काळी मुलं १५.५ टक्के, सस्पेंड झालेल्यांत सुमारे ३९ टक्के. गरीब शाळा असो की सुखवस्तू, तफावत होतीच. पण एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही, हेही खरं. म्हणून तर पुढचे प्रश्न विचारायचे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला आणि शाळा शिक्षा करायला कचरतात म्हणून खापर या पत्रावर फुटलं. त्या ब्रोवर्ड काउंटीतला अटकेऐवजी समुपदेशनाचा कार्यक्रम २०१३ चा, म्हणजे पत्राच्या आधीचा. तरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, पत्र मागे घेतलं गेलं. म्हणजे ट्रम्प यांच्या २३ एप्रिल २०२५ च्या आदेशाआधीच ते गेलं होतं. या आदेशाचा रोख त्या दुसऱ्या, परिणामांच्या चौकशीवर आहे. जाणूनबुजून केलेला भेदभाव आजही बेकायदाच. आणि निव्वळ परिणामावरून पालकांना स्वतः फेडरल कोर्टात जाण्याचा रस्ता सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच, सँडोव्हल खटल्यात, बंद केला.

उद्या तुमच्या मुलाच्या शाळेतून फोन आला तर वॉशिंग्टनच्या बातम्या बाजूला ठेवा. दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलाही शाळेने आरोप सांगून मुलाची बाजू ऐकायलाच हवी, हे १९७५ पासून ठरलेलं आहे. त्याच दिवशी ईमेल करा: रेफरल स्लिपची (मुलाला ऑफिसात पाठवताना लिहिलेल्या चिठ्ठीची) प्रत द्या, त्यावरचा कोड, म्हणजे कोणत्या चुकीचा क्रमांक, कोणता, स्लिप लिहिली कुणी, आणि कॅमेऱ्याचं फुटेज पुसू नका. फुटेजचं पहिल्याच ओळीत लिहा, कारण जुन्यावर नवं चढत जातं. मुलाचं रेकॉर्ड मागितल्यापासून ४५ दिवसांत दाखवावं लागतं. आयईपी (अपंगत्व असलेल्या मुलासाठीची खास शिक्षण योजना) असेल आणि दहा दिवसांच्या वर काढलं, तर हे वागणं अपंगत्वातून आलं का याची बैठक शाळा भरण्याच्या दहा दिवसांत. भेदभावाची फेडरल तक्रार करायला १८० दिवस. मात्र मार्च २०२५ मध्ये ती तक्रार घेणाऱ्या, शिक्षण खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सच्या बारापैकी सात प्रादेशिक कचेऱ्या बंद झाल्या, तेव्हा राज्याकडेही अर्ज टाका. आपले लोक कुठे चुकतात? बैठकीत "आमचा मुलगा तसा नाही" यावर वीस मिनिटं घालवतात. विचारायचं ते हे, की याच कोडखाली बाकीच्यांना काय शिक्षा झाली.

दुसरी बाजूही सांगतो. सस्पेन्शन नुसती कमी करून भागत नाही. पिट्सबर्गमध्ये शिक्षेऐवजी बसून बोलण्याची पद्धत आणली, सस्पेन्शनचे दिवस घटले, पण सहावी ते आठवीचे गुणही घसरले. आणि राज्यागणिक नियम वेगळे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत जुलै २०२४ पासून बारावीपर्यंत 'विलफुल डिफायन्स'साठी, म्हणजे मुद्दाम न ऐकल्याबद्दल, सस्पेंड करता येत नाही, शिक्षक वर्गाबाहेर काढू शकतात. तिथे राहत असाल आणि स्लिपवर तो कोड दिसला, तर आधी त्यावरच बोट ठेवा.