डांब दिसतो, तार दिसत नाही

प्रश्न : धाकटा मुलगा ऑस्ट्रेलियात हेलिकॉप्टरनं पिकांवर औषध फवारतो. फोनवर म्हणतो, ‘आई, वाऱ्यापेक्षा तारांची भीती.’ आमच्या उसातून गेलेली विजेची लाईन मला गच्चीवरून स्पष्ट दिसते. त्याला हेलिकॉप्टरात बसून का दिसू नये?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, तुम्हाला दिसते कारण तारेमागे आभाळ असतं. तो वरून बघतो, तेव्हा मागं ऊस आणि माती. त्यात अॅल्युमिनियमची तार नवी असेतोवर चमकते, पावसाळे खाऊन राखाडी झाली की रानात मिसळून जाते.

मी लष्करात चेतक हेलिकॉप्टर चालवायचो. तार शोधायची नाही, डांब शोधायचा, हे सुरुवातीलाच अंगवळणी पडलं. डांबावरच्या आडव्या पट्टीवरून तार कुठं जाते ते कळतं. लाईनच्या शेवटच्या डांबाला ताण (डांब जमिनीशी बांधून ठेवणारी तिरकी तार) ज्या बाजूला, विजेची तार त्याच्या उलट बाजूला. शेतात पाण्याच्या मोटारीची खोली दिसली आणि तार दिसली नाही, तर तार आहे, आपल्याला सापडली नाही, असंच धरायचं. ओलांडायची ती डांबाच्या डोक्यावरून. दोन डांबांच्या मधे ती किती झोळ खाते याचा अंदाज येत नाही. मोठ्या टॉवरवर तर सगळ्यात वर, वीज पडली तर झेलायला, एक बारीक तार असते. खालच्या जाड तारा चुकवायला वर चढलेला माणूस तिच्यात सापडतो.

तार कापणारी पाती हेलिकॉप्टरला बसवता येतात, छतावर आणि पोटाखाली. पण तार समोरून घसरत पात्यापर्यंत यायला वेग लागतो. शेताच्या टोकाला वळताना तो नसतो, आणि शेपटीच्या पंख्याला तार लागली तर पातं काय करणार?

पण माझी खरी काळजी वेगळी. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक-सुरक्षा विभागानं २००१ ते २०१० मधले तारेचे अपघात तपासले, तर ६३ टक्के वैमानिकांना ती तार आधीच माहीत होती! दहा फेरे चुकवली, अकराव्याला लक्ष नोझलकडे गेलं. (आपल्याच उंबऱ्याला ठेच लागते, तसंच.)

म्हणून पुढच्या फोनला ‘जपून रे’ म्हणू नका, ते तो ऐकून घेईल आणि विसरेल. विचारा : टाकी भरायला उतरतोस, तेव्हा पुन्हा उडण्याआधी तारा पुन्हा मोजतोस का?