अहवालात ‘स्तन दाट, श्रेणी सी’ असे लिहिले आहे. हे कर्करोगाचे लक्षण समजावे का?

मॅमोग्राफीत गाठ आढळली नसतानाही अहवालात ही ओळ का आली, असे आपण विचारले आहे. स्तनांच्या क्ष-किरण प्रतिमा वाचणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून आधीच सांगते की ही नोंद आजाराची नाही, स्तनाच्या घडणीची आहे.

स्तनात दुधाच्या ग्रंथी, त्यांना आधार देणारे तंतू आणि चरबी असते. चरबी क्ष-किरणांना फारशी अडवत नसल्यामुळे प्रतिमेत काळसर दिसते, तर ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. या पांढऱ्या भागाच्या प्रमाणावरून ए (सर्वांत कमी) ते डी (सर्वांत जास्त) अशा चार श्रेणी ठरतात; त्यांपैकी सी आणि डी म्हणजे दाट स्तन. तपासणीला येणाऱ्या स्त्रियांपैकी साधारण ४० टक्के सी आणि १० टक्के डी श्रेणीत असतात, म्हणजे दाट स्तनांची नोंद जवळजवळ निम्म्या जणींच्या अहवालात असते. स्तन हाताला घट्ट लागतात की मऊ, यावरून मात्र ही घनता कळत नाही.

खरी अडचण अशी की कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. पांढऱ्या भागात पांढरी गाठ शोधताना ती नजरेआड राहू शकते, आणि प्रतिमा वाचताना मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. त्याखेरीज दाट स्तनांमध्ये कर्करोग होण्याची शक्यताही काहीशी अधिक असते. डी श्रेणीचा धोका ए श्रेणीच्या चार ते सहा पट असल्याचे आपण वाचाल, पण ए श्रेणीत जेमतेम १० टक्के स्त्रिया असतात. सर्वसाधारण स्त्रीशी तुलना केली तर डी श्रेणीचा धोका सुमारे दुप्पट भरतो आणि सी श्रेणीचा त्याहून कमी.

एमआरआय करावा का, याचे उत्तर एका अक्षरावरून देता येत नाही. नेदरलँड्समध्ये ५० ते ७५ वर्षांच्या, डी श्रेणीतील ४० हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघडकीस येणारे कर्करोग केवळ मॅमोग्राफी झालेल्या गटात हजारी ५, तर एमआरआयसाठी बोलावलेल्या गटात हजारी २.५ होते. मात्र त्यात सी श्रेणीच्या स्त्रिया नव्हत्या, आणि एमआरआयमुळे अनेकींची बायोप्सी होऊन काहीच निघाले नाही, हेही विसरू नये. म्हणून आई किंवा बहिणीला झालेला कर्करोग, पूर्वीची बायोप्सी, आपले वय आणि रजोनिवृत्तीनंतर घेतलेली संप्रेरके ही सर्व माहिती डॉक्टरांपुढे ठेवून, सोनोग्राफी किंवा एमआरआयची भर घालावी का, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे.

अतिरिक्त तपासणी केली तरी मॅमोग्राफी सोडू नका, कारण कर्करोगाची सुरुवातीची खूण ठरू शकणारे कॅल्शियमचे सूक्ष्म कण तीच उत्तम दाखवते. आणि अहवाल निर्दोष असूनही हाताला गाठ लागली, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा.