दुटप्पी, दुतोंडी की मिठाची गुळणी?

एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. परदेशी स्थायिक झालेल्या समाजांची मतं मिळवण्यासाठी राजकारणी दहशतवादाबद्दल सोयीची भूमिका कशी घेतात, यावर त्या लेख लिहीत आहेत. ‘कॅनडाच्या नेत्यांनी दहशतवादाबाबत दुहेरी मापदंडांचा अवलंब केला’ असं वाक्य त्यांनी लिहिलं आणि मैत्रिणीने ते भाषांतर वाटतं म्हणून खोडायला सांगितलं. आता तिथे दुटप्पी लिहावं की दुतोंडी, की दोन्ही एकच? आणि या राजकारणाला ‘लांगूलचालन’ म्हटलं तर चालेल का?

मैत्रिणीचं म्हणणं मला पटतं. ‘मापदंड’ शब्दात काही वाईट नाही, पण ‘दुहेरी मापदंडांचा अवलंब’ म्हटलं की दोष मापाकडे जातो आणि माणूस सुटतो. मराठीची सवय दोष माणसाच्या पदरात घालायची आहे. दुटप्पी माणूस, दुटप्पी वागणं, दुटप्पीपणा. तुमचं वाक्य सरळ ‘कॅनडाच्या नेत्यांचं दहशतवादाबद्दलचं वागणं दुटप्पी आहे’ असं लिहा. मात्र ते लिहिण्याआधी दुटप्पी आणि दुतोंडी यांतला फरक नीट पाहायला हवा.

दुतोंडी माणसाचं बोलणं ऐकणारा बदलला की बदलतं. दिल्लीत एक बोलायचं, टोरांटोत दुसरं. बोलीत याच माणसाला आपण ‘डबल ढोलकी’ म्हणतो. दुटप्पीपणा वेगळा. तिथे ऐकणारा तोच असला तरी कृत्य कोणी केलं यावर निवाडा बदलतो. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण शंभर टक्के दुटप्पीपणाची आहे, दुतोंडीपणाची नाही. रोजच्या वापरात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात हे खरं, पण एखाद्यावर जाहीर आरोप करताना हा फरक पाळावा असं माझं ठाम मत आहे. दुटप्पी म्हणायचं तर सारखी दोन कृत्यं आणि त्यांवरचे दोन निवाडे समोर ठेवता आले पाहिजेत.

ते ज्याच्याबाबत अगदी लख्ख ठेवता येतात असा माणूस कॅनडात नाही, अमेरिकेत सापडतो. न्यूयॉर्कजवळच्या नॅसॉ काउंटीतले रिपब्लिकन नेते पीटर किंग. तिथे आयरिश वंशाचे मतदार मोठ्या संख्येने आहेत. १९८०च्या दशकात आयआरए, म्हणजे उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता हटवण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना, बेलफास्टमध्ये आणि लंडनमध्ये बॉम्ब फोडत होती, तेव्हा किंग सभांमधून तिच्या लढ्याला उघड पाठिंबा देत होते. आयआरएसाठी निधी जमवल्याचा आरोप असलेल्या नोरेड या संस्थेशी त्यांचे जवळचे संबंध होते. १९८५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं, तेव्हा खुद्द आयर्लंडच्या सरकारने त्या मिरवणुकीवर बहिष्कार घातला. हा पहिला टप्पा. २०११ साली हेच किंग प्रतिनिधिगृहाच्या अंतर्गत सुरक्षा समितीचे अध्यक्ष होते आणि अमेरिकी मुसलमानांमधल्या कट्टरतेबद्दल जाहीर सुनावण्या घेत होते. हा दुसरा. जुन्या पाठिंब्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं की आयआरएने अमेरिकेवर कधी हल्ला केला नाही. म्हणजे बॉम्ब कोणाच्या गावात फुटला यावर शब्द ठरणार. यासाठी ‘दुटप्पी’ हा शब्द जराही कमीजास्त नाही.

त्याच आयरिश मतदारांच्या जिवावर निवडून येणारे सगळेच नेते तसे वागले नाहीत, हेही तुमच्या लेखात यायला हवं. १९७७च्या सेंट पॅट्रिक दिनी टिप ओ’नील, टेड केनेडी, डॅनियल मॉयनिहन आणि ह्यू केरी या चार बड्या नेत्यांनी संयुक्त पत्रक काढून आयरिश अमेरिकनांना बजावलं, की हिंसेला पैसा आणि पाठबळ देऊ नका. मतं त्यांनाही हवीच होती.

आता कॅनडा. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बने फुटलं आणि ३२९ माणसं गेली. त्यांत बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते. तरी पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. बाब्या आणि कार्टं ही म्हण इथे एका वेगळ्याच क्रूरपणे लागू पडते, कारण आपलीच लेकरं इथे दुसऱ्याची ठरली. या कटात शिक्षा झाली ती एकट्या इंद्रजितसिंग रेयतला. मलिक आणि बागडी हे दोन आरोपी मार्च २००५मध्ये निर्दोष सुटले. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाचा अहवाल येऊन पंतप्रधान हार्पर यांनी मृतांच्या नातेवाइकांची माफी मागायला २०१० साल उजाडलं.

या कटाचा सूत्रधार म्हणून खलिस्तानवादी तलविंदरसिंग परमारचं नाव घेतलं जातं. तो १९९२ साली पंजाबात मारला गेला. पुढे ब्रिटिश कोलंबियातल्या सरी शहराच्या वैशाखी मिरवणुकीत शहीद म्हणून त्याचं चित्र मिरवलं गेलं, आणि त्या मिरवणुकीला वेगवेगळ्या पक्षांचे राजकारणी हजेरी लावत राहिले. त्यांनी परमारची स्तुती केली नाही. बॉम्बचं समर्थनही केलं नाही. चित्राबद्दल ते बोललेच नाहीत. याला दुतोंडी म्हणता येत नाही, कारण तोंड उघडलंच नाही. यासाठी आपल्याकडे नेमका वाक्प्रचार आहे: तोंडात मिठाची गुळणी धरणं. ‘गप्प बसणं’ आणि ‘मिठाची गुळणी धरणं’ यांत मोठं अंतर आहे. बोलणं कर्तव्य असताना, काय बोलायचं ते ठाऊक असताना, स्वतःहून तोंड बंद ठेवणं असा त्याचा अर्थ होतो. २०१७ साली न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नवे नेते जगमीतसिंग यांना दूरचित्रवाणीवर परमारच्या चित्रांबद्दल थेट विचारलं गेलं. हत्याकांडाचा निषेध त्यांनी केला, पण चित्रांच्या प्रश्नाला बगल दिली. परमारबद्दल चौकशीतून निघालेला निष्कर्ष आपण मान्य करतो, असं त्यांनी मार्च २०१८मध्ये सांगितलं.

त्याआधी महिनाभर पंतप्रधान ट्रुडो भारतात आले होते. मुंबईतल्या एका समारंभात त्यांच्या पत्नीबरोबर जसपाल अटवालचं छायाचित्र निघालं. १९८६ साली व्हँकुव्हर बेटावर पंजाबचे मंत्री मलकियतसिंग सिद्धू यांच्यावर झालेल्या गोळीबाराबद्दल शिक्षा झालेला हा माणूस. कॅनडाच्या उच्चायुक्तांनी दिल्लीत ठेवलेल्या मेजवानीचं आमंत्रणही त्याला गेलं होतं. बभ्रा झाल्यावर ते मागे घेतलं.

शब्दांच्या अभ्यासकाने सर्वांत जास्त रेंगाळावं अशी जागा मात्र पुढेच आहे. डिसेंबर २०१८मध्ये कॅनडा सरकारने दहशतवादाच्या धोक्याबद्दलचा वार्षिक अहवाल काढला. त्यात प्रथमच ‘शीख (खलिस्तानी) अतिरेकवाद’ या अर्थाचं शीर्षक आलं. शीख संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला. एप्रिल २०१९मध्ये, वैशाखीच्या तोंडावर आणि सार्वत्रिक निवडणुकीला सहा महिने असताना, अहवालाची भाषा बदलली. त्या शीर्षकाच्या जागी, भारतात स्वतंत्र राज्य स्थापण्यासाठी हिंसक मार्गांना पाठिंबा देणारे अतिरेकी, असं लांबलचक वर्णन आलं. ‘शीख’ शब्द काढला हे माझ्या मते योग्यच झालं. मूठभरांच्या गुन्ह्याला अख्ख्या धर्माचं नाव चिकटवणं अन्यायाचं आहे. पण ‘खलिस्तानी’ हे चळवळीचं नाव आहे, धर्माचं नव्हे, आणि ती चळवळ स्वतःच ते अभिमानाने मिरवते. ते काढून वर्णन घातलं की भाषा मोघम होते. म्हणून या प्रसंगाला मी दुटप्पी म्हणणार नाही. बोटचेपेपणा म्हणेन. तुम्हीही प्रत्येक प्रसंगाला ‘दुटप्पी’चाच शिक्का मारू नका, नाहीतर किंगसारख्या उदाहरणाला लावायला धारदार शब्द उरणार नाही.

खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जरच्या बाबतीत तर फार जपून लिहा. १८ जून २०२४ रोजी, त्याच्या खुनाला वर्ष झालं त्या दिवशी, कॅनडाच्या संसदेने उभं राहून मौन पाळलं आणि भारतात संताप उसळला. भारत सरकारने त्याला २०२० साली दहशतवादी घोषित केलं होतं. कॅनडाच्या दृष्टीने तो त्यांच्या भूमीवर खून झालेला त्यांचा नागरिक होता. इथे ‘भारताने दहशतवादी घोषित केलेला’ असं पूर्ण लिहावं. खून झालेल्या नागरिकाबद्दल संसदेने दुःख व्यक्त करणं एवढ्यावरून दुटप्पीपणा सिद्ध होत नाही. कनिष्कच्या मृतांची आठवण त्याच सभागृहाने इतकी वर्षं कशी ठेवली, हे शेजारी मांडलंत तरच तुमचा आरोप टिकेल.

लांगूलचालनाबद्दल माझं उत्तर ‘टाळा’ असं आहे. लांगूल म्हणजे शेपूट, चालन म्हणजे हलवणं. घास देणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हलवतो, असं वर्णन एका जुन्या संस्कृत श्लोकात येतं. म्हणजे मुळात हा शब्द शेपूट हलवणाऱ्याची, इथे नेत्याची, निंदा करतो. पण आपल्या प्रचारसभांत तो इतका घासला गेला आहे, की आता वाचकाच्या मनात नेत्याऐवजी तो समाजच गुन्हेगार म्हणून उभा राहतो. कॅनडातल्या शिखांवर हा फार मोठा अन्याय होईल. हिंसेविरुद्ध बोलल्याबद्दल फेब्रुवारी १९८५मध्ये उज्ज्वल दोसांझ यांना लोखंडी कांबीने जीवघेणी मारहाण झाली. पुढे ते ब्रिटिश कोलंबियाचे मुख्यमंत्री झाले. सरीतले पंजाबी संपादक तारासिंग हायर यांना १९८८च्या हल्ल्यात कायमचं अपंगत्व आलं, तरी त्यांनी लिहिणं सोडलं नाही. ते कनिष्क खटल्यात साक्ष देणार होते. नोव्हेंबर १९९८मध्ये त्यांचा खून झाला. दोघेही शीख, आणि पुढाऱ्यांनी ज्यांचा अनुनय केला ते दुसरेच. म्हणून ‘मतांसाठी अनुनय’ म्हणा, आणि कोणाचा अनुनय तेही त्याच वाक्यात लिहा: शिखांचा नव्हे, परमारचं चित्र मिरवणाऱ्या गटांचा.

आणखी एक. तुमच्या मसुद्यात परमारसाठी एकदा ‘जहाल’ आला आहे, तो काढा. मराठीत जहाल-मवाळ ही जोडी लोकमान्यांच्या काळापासून काँग्रेसमधल्या राजकीय मतभेदासाठी रुजली आहे. विमानात बॉम्ब ठेवणाऱ्याला दहशतवादी म्हणा, नाहीतर पंजाबच्या बातम्या देताना मराठी वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं वापरलेला ‘अतिरेकी’ घ्या. मात्र जो शब्द घ्याल तोच किंगच्या आयआरएलाही लावा.