टाकीतलं गरम पाणी रात्रीत जातं कुठं?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं छोटं डाइंग युनिट आहे, सोलरची ५०० लिटरची टाकी बसवलीय. एक्सेलमध्ये तासातासाचा हिशोब मांडला, त्यात सकाळी ६८ डिग्री येतं पण हाताला पाणी त्याहून बरंच कमी गरम लागतं. काय चुकतंय?

उत्तर : तुमच्या शीटमध्ये रात्रीचा लॉस धरलेलाच नसणार, बहुतेक जण इथंच फसतात. एक करा, संध्याकाळी टाकीचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून तापमान लिहा आणि सकाळी पाणी काढायच्या आधी परत लिहा. ५०० लिटर पाणी १ डिग्री उतरलं की साधारण ०.५८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता जाते, म्हणजे ७० चं ५८ झालं तर ७ युनिट गेले हो! त्याला रात्रीचे तास आणि टाकी-हवेच्या तापमानातल्या सरासरी फरकानं भागा, तोच आकडा (दर तासाला, दर डिग्री फरकामागं जाणारी उष्णता) शीटमध्ये घाला. व्हॉल्व्ह उघडे ठेवून जास्तच उतरत असेल तर रात्री पाणी उलटं पॅनलकडं फिरतंय, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) बघा.

आणि टाकी एकाच तापमानाची धरू नका, गरम पाणी वर राहतं, गार खाली, म्हणून शीटमध्ये टाकीचे निदान तीन-चार थर तरी करा.