रेडॉन गळतो, झिरपतो, की घर त्याला ओढून घेतं?

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची लेक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात घर विकत घेते आहे. व्यवहाराआधीच्या तपासणीत तळघरात रेडॉन नावाचा वायू प्रमाणाबाहेर निघाला. ताईंनी सासूबाईंना सांगताना 'घरात गॅस गळतोय' असं म्हटलं. सासूबाईंनी लगेच निरोप दिला: रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. आता ताई विचारतात, जमिनीतून घरात येणाऱ्या या वायूसाठी नेमकं क्रियापद कोणतं? गळतो, झिरपतो, पाझरतो, शिरतो? आणि 'रेडॉन टेस्ट'ला चाचणी म्हणायचं की तपासणी?

सासूबाईंचं काहीच चुकलं नाही. 'गॅस गळणे' हा प्रयोग आपल्याकडे सिलिंडरला कायमचा चिकटला आहे. शिवाय गळायला आधी एक भरलेलं भांडं लागतं आणि त्याला एखादं भोक. नळ गळतो, पिंप गळतं, छप्पर गळतं. रेडॉनचं असं भांडं नसतं. तो जमिनीत सतत तयार होत असतो. खडकामातीतल्या युरेनियमचं हळूहळू विघटन होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. दुसरी अडचण वासाची. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं, त्यामुळे आपलं नाक पहारा करू शकतं. रेडॉनला रंग नाही, वास नाही, चव नाही. 'गळतो' म्हटलं की ऐकणारा वास घ्यायला लागतो आणि वास आला नाही की निर्धास्त होतो. म्हणून हे क्रियापद मी सगळ्यात आधी बाजूला ठेवेन.

'झिरपणे' बरंच जवळचं आहे. बारीक छिद्रांतून, सावकाश, न दिसता जाणं हे सगळं त्यात येतं. फरशीतली केसाएवढी भेग, भिंत आणि जमीन जिथे मिळतात तो सांधा, नळाच्या आणि सांडपाण्याच्या पाइपाभोवती राहिलेली फट, तळघरातला पाणी साचण्याचा खड्डा, अशा वाटांनी रेडॉन येतो. त्या वाटा दाखवायला 'झिरपणे' चांगलं. पण या शब्दाला पाण्याची सवय आहे आणि पाणी स्वतःच्या वजनानं खाली जातं. गच्चीवरचं पाणी खालच्या खोलीत झिरपतं, पावसाचं जमिनीत झिरपतं. इथे प्रवास उलटा आहे, खालून वर.

'पाझरणे'त आतून बाहेर येणं आहे. विहिरीला पाझर फुटतो, मायेनं डोळे पाझरतात. खडकातून मातीच्या पोकळ्यांत रेडॉन येतो त्या पहिल्या टप्प्याला मी 'पाझरतो' म्हणेन, घरापर्यंत मात्र हा शब्द ओढणार नाही. 'मुरणे' तर अजिबात नको. मुरलेली गोष्ट तिथलीच होऊन राहते, लोणच्यातल्या मिठासारखी. रेडॉन टिकत नाही. त्याचं अर्धायुष्य 3.8 दिवसांचं, म्हणजे तेवढ्या काळात निम्मा संपतो. पण खालून भर चालूच असते, त्यामुळे घरातला साठा आटत नाही.

'शिरणे' हे नाशिककराच्या तोंडी सहज येणारं क्रियापद. गंगेला पूर आला की सराफ बाजारात पाणी शिरतं असंच आपण म्हणतो. (गोदावरीला गंगा म्हणायची इथली रीत बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो.) शिरण्यात जोर आहे आणि आगंतुकपणा आहे. वायू आपणहून आत घुसतो असा भास मात्र त्यातून होतो, आणि माझा खरा आक्षेप तिथेच आहे. रेडॉन घुसत नाही. घर त्याला ओढून घेतं.

हे नीट पाहायला हवं. घरातली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असली की ती वर चढते आणि वरच्या मजल्याच्या, छपराच्या फटींतून निघून जाते. तिची जागा भरायला खालून हवा आत येते. स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला एक्झॉस्ट फॅनही हवा बाहेर टाकून यात भर घालतो. घराच्या तळाशी हवेचा दाब मातीतल्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि मातीतली हवा, तिच्यातल्या रेडॉनसह, फटींतून वर खेचली जाते. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांना हे तत्त्व चांगलं माहीत होतं. धुराड्याला ओढ असली की चूल नीट पेटते, ओढ नसली की धूर घरात कोंडतो. अख्खं घर एक मोठं धुराडं आहे असं धरा. थंडीत, दारं-खिडक्या बंद करून आत शेगडी किंवा हीटर लावला की ही ओढ वाढते. म्हणून त्या देशांत हिवाळ्यातले आकडे सहसा जास्त येतात.

तेव्हा ताई, माझं उत्तर 'ओढणे'. घर जमिनीतला रेडॉन ओढून घेतं, आणि तो खालच्या खोल्यांत साचतो. रेडॉन हवेच्या सात-आठ पट जड असतो, पण तळघरात तो जास्त सापडतो याचं मुख्य कारण ते मातीला सगळ्यात जवळ असतं आणि तिथली हवा खेळती नसते, हे आहे. 'ओढणे' पसंत करण्याचं आणखी एक कारण सांगतो. त्या क्रियापदातच उपाय दडलेला आहे. नुसत्या भेगा बुजवून सहसा भागत नाही. फरशीखालपर्यंत एक पाइप घालतात, त्याला चोवीस तास चालणारा पंखा जोडतात आणि पाइपाचं तोंड छपराच्या वर नेतात. घराच्या ओढीपेक्षा पंख्याची ओढ जास्त ठरते आणि वायू घरात येण्याआधीच बाहेर पडतो. 'गळतो' म्हणणारा माणूस भोक शोधत बसेल.

नावाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण मराठीत त्याच्या जन्मदात्याची मोठी गल्लत झाली आहे. रेडियम हे नाव लॅटिनमधल्या 'किरण' या अर्थाच्या शब्दावरून आलं आणि रेडियमपासून निघालेला तो रेडॉन. आपल्याकडे मात्र गाडीच्या नंबरप्लेटवरच्या चमकत्या पट्टीला 'रेडियम' म्हणतात. गावोगावी रेडियमची दुकानं आहेत. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, ती फक्त पडलेला प्रकाश परत पाठवते. एके काळी घड्याळाच्या काट्यांना खऱ्या रेडियमचा रंग देत, तो अंधारात उजळे, आणि पुढे चमकेल त्या सगळ्याला तेच नाव चिकटलं असं दिसतं. या वायूचंही एक नाव 'निटॉन' होतं, लॅटिनमधल्या 'चमकणे'वरून विल्यम रॅमसे यांनी सुचवलेलं. ते टिकलं नाही.

'निष्क्रिय वायू' हा पाठ्यपुस्तकी शब्दही इथे दगा देतो. रेडॉन निष्क्रिय आहे तो रासायनिक अर्थानं, कुणाशी सहजी संयोग पावत नाही म्हणून. त्याचं अणुकेंद्र मात्र फुटत राहतं आणि त्यातून पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांचे अल्पायुषी किरणोत्सारी अणू तयार होतात. हे धुळीला चिकटतात, श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथे अल्फा कण (किरणोत्साराचा एक प्रकार) सोडतात. वर्षानुवर्षं हे चाललं तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना त्याच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉनचं नाव घेते, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका कितीतरी जास्त असतो.

आता चाचणी की तपासणी. 'चाचणी' म्हटलं की सासूबाईंना वाटेल नातीचं रक्त तपासायचं आहे. 'तपासणी'त एखादा माणूस येऊन डोळ्यांनी बघून जाईल असं वाटतं. मला 'मोजणी' हवी. शेताची मोजणी म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही: बांध कुठे आहे हे नजरेनं ठरत नाही, मोजावंच लागतं. रेडॉनचंही तसंच आहे.

सिन्नरकडे आमच्या आजोळी गावठाणात धान्याचं पेव होतं. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी दोरीला बांधून कंदील सोडत. तो विझला तर हवा वाईट, थांबायचं. जळत राहिला तर माणूस उतरे. शहाणपणाची ती रीत कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडसाठी होती, आणि तिनं जीव वाचवले असतील. रेडॉनपुढे तो कंदील काहीच सांगणार नाही. हिशेब करून पाहा. घनमीटरला 100 बेक्वेरेल म्हणजे तेवढ्या हवेत दर सेकंदाला 100 अणू फुटतात. त्यासाठी रेडॉनचे जेमतेम पावणेपाच कोटी अणू पुरतात, आणि त्याच घनमीटरात हवेचे रेणू असतात 25 वर 24 शून्यं इतके. ज्योत हलणारही नाही. पुराचं पाणी किती चढलं हे आपण नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून सांगतो, कमरेला लागलं की छातीला. रेडॉनसाठी असा मारुती नाही, यंत्रच ठेवावं लागतं.

ती मोजणी अवघड नसते. कोळशाची छोटी डबी दोन ते सात दिवस ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. सावकाश पण जास्त भरवशाची रीत म्हणजे खास प्लास्टिकची फिल्म तीन महिने ते वर्षभर ठेवणं. अल्फा कण तिच्यावर सूक्ष्म चरे पाडतात, ते रसायनानं उघडे करून मोजतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचं पिनहोल डोसिमीटर हे मोजणीचं साधन याच जातीचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये घनमीटरला 100 बेक्वेरेल ही पातळी सुचवली, आणि ते जमत नसेल तिथे 300 च्या वर जाऊ नये असं म्हटलं. अमेरिकेत पिकोक्युरी हे एकक वापरतात; तिथे लिटरला 4 पिकोक्युरी, म्हणजे घनमीटरला 148 बेक्वेरेलपासून दुरुस्ती करायला सांगतात. ताईंच्या लेकीच्या कागदावर लिटरमागे पिकोक्युरी असेल तर 37 नं गुणावं, म्हणजे घनमीटरमागचे बेक्वेरेल मिळतात.

पेनसिल्व्हेनियाचंच उदाहरण देतो. 1984 च्या डिसेंबरात स्टॅन्ली वॉट्रस हे अभियंते लिमरिक अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होते. कामावर येताच किरणोत्साराचा गजर वाजला. शोधाअंती कळलं की किरणोत्सार ते घरूनच अंगावर घेऊन येत होते. त्यांच्या घरात लिटरला सुमारे 2,700 पिकोक्युरी रेडॉन निघाला, आजच्या मर्यादेच्या पावणेसातशे पट. त्या घरात कुणाला वास आला नव्हता, कुणाचा श्वास कोंडला नव्हता.

नाशिकच्या खाली दख्खनचा काळा बसाल्ट आहे. पांडवलेणी कोरली तो हाच दगड. त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी असतं, आणि आपल्या खिडक्याही वर्षातला बराच काळ उघड्या असतात. त्यामुळे हे वाचून कुणी घाबरू नये. पण खडकावरून एका घराचा आकडा सांगता येत नाही. शेजारच्या दोन घरांतही तो वेगळा निघतो. तळघरात दुकान, क्लिनिक, अभ्यासिका असेल, दिवसभर एसी लावून दारं बंद असतील, तर तिथे माझ्या मते मोजणी करून घ्यावी.

सासूबाईंना मी असं सांगेन: "आई, तिथे सिलिंडरचं काही नाही. जमिनीतच एक वायू तयार होतो, त्याला वास नसतो. जोत्यातून ओल चढते ना, तसा तो वर येतो, कारण बंद घर त्याला ओढून घेतं. तळघरात साचलाय हे मोजणीत कळलं. आता फरशीखाली पाइप घालून पंख्यानं तो छपराच्या वर सोडणार आहेत. मग पुन्हा मोजणी करतील, आणि आकडा खाली आला की ती राहायला जाईल."